विसाशेटांनी पहिली भवानी साधिली, त्याची हकीगत

श्री. ज्याने दारे निर्मिली आणि दारांस कड्या लाविल्या, त्यास आधी नमन. मग जी उघडली त्यांची आणि जी न उघडली त्यांची हकीगत ऐकिजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढमासी राज्यात हे वर्तमान जाहले.

राज्यात विद्येचे तीन गड होते. थोरला अभ्रगड, तेथे शंभरांत एकाचा रिघाव होई आणि बाकीचे पायथ्याशी जोडे झिजवून परतत. मधला सोनजाई; तेथे वैद्यकी शिकवीत, आणि ज्याच्या अंगी तितके पाणी त्यास तो पेलत असे. धाकटा पायरीकोट, त्याचे दार कोणासही उघडे, आत शिकवणे एवढेच की सरकारी खलित्यांच्या नकला कशा कराव्या. शिरस्ता ऐसा की, परीक्षा जाहलियावर उमेदवाराने तिन्ही गडांची नावे आपल्या क्रमाने जासुदास सांगावी, जासुदाने त्याच क्रमाने दारे ठोठावावी, आणि जे दार आधी उघडेल त्यात उमेदवाराने निमूट जावे. पुढची दारे त्यास मिटली. म्हणून जाणते म्हणत, अवघड दार आधी, आपल्या जोगते मग, हुकमी शेवटी.

पेठेत विसाशेट कापडवाले होते, त्यांची कन्या तुळजा. तिला वैद्यकीचा ध्यास; आळीत कोणाचे हाड मोडले की ही बांधणी पाहावयास धावे. परीक्षेत ती उत्तम उतरली, तेव्हा हरबा गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "शेट, अभ्रगडाची आस ठेवा, भरवसा ठेवू नका. सोनजाई पोरीची आहे. पायरीकोट पाठीशी असू द्या." शेट संतोषले आणि गुरुजींस धोतरजोडी दिली. मग जासूद दारी आला आणि म्हणाला, "नावे बोला."

शेट म्हणाले, "पहिले पायरीकोट."

"बाबा, ते शेवटचे!"

"अगं, पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेले तर दिवसभर माशा माराव्या लागतात. पहिली भवानी पदरात पडू दे, मग पुढचे सगळे सुरळीत होते."

"पण तो उघडला की पुढचे दार ठोठावायचेच नाही, बाबा."

"कोण म्हणतो?"

"सरकार म्हणते," जासूद बोलला.

"सरकारने कधी दुकान चालवलंय?" शेट हसले, पण हसताना ते उपरण्याची गाठ सोडीत बांधीत होते, ते तुळजेने पाहिले. जासूद तिला म्हणाला, "बाई, उमेदवार तुम्ही. तुमच्या तोंडून ऐकेन." तेव्हा तिच्या मनात आले की, तिन्ही दारे मिटली तर? पायरीकोट मिटत नाही हे तिला ठाऊक होते, परंतु भयास असले ठाऊक नसते. आणि बाप अजून ती गाठ सोडीत बांधीतच होता. मग ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसे."

जासुदाने कडी धरली न धरली तोच पायरीकोटाचे दार उघडले. शेटांनी पेठेत साखर वाटली. साखर वाटून होते न होते तोच तांबटाची गोदू वेशीतून आली; तिचे गुण तुळजेहून उणे. अभ्रगडाने तिला दार उघडले नव्हते, पण सोनजाईने उघडले होते, आणि ती लांबूनच ओरडली, "तुळजे, कुठं गं होतीस? मी तुला आत शोधत होते!"

हे ऐकोन शेटांनी साखरेचे ताट खाली ठेविले. मग तडक पायरीकोटास गेले आणि पहारेकऱ्यापुढे पागोटे ठेवून म्हणाले, "चूक माझी जाहली. पोरीस परत द्या."

पहारेकऱ्याने पागोटे उचलून त्यांच्या हाती दिले आणि म्हणाला, "शेट, एकदा गेलेला माल परत होत नाही. तुमच्याच दुकानावर पाटी आहे."

एकंदर वर्तमान इतकेच की, भवानी जाहली आणि बाजार उठला. तुळजेचे अक्षर वळणदार, म्हणोन सोनजाईच्या वैद्यांचे कागद नकलेस तिजकडेच येत. हाड कैसे बांधावे ते ती दोनदा वाची आणि एकदा उतरवी. विसाशेट दुकान उघडीत, गादीवर बसत, आणि सकाळचे पहिले गिऱ्हाईक पायरी चढले की त्यास म्हणत, "आधी दुसरीकडे बघून या."