लांजेवार सरांचं थ्रिल

लांजेवार सरांकडे क्रिकेटचा सामना बघताना मी "काय थ्रिल आहे!" म्हणालो. चूक झाली. शेवटचं षटक चालू होतं आणि सरांनी टीव्ही बंद केला.

"थ्रिल म्हंजे काय, मालूम हाय तुले?"

"मजा."

"भोक!"

मग तासभर भोकच. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ टोचणं, आरपार भोक पाडणं. नाकपुडीला इंग्रजीत 'नॉस्ट्रिल' हा जो शब्द आहे, त्यात ते भोक अजून लपलेलं आहे म्हणे. पुढे भाल्याचं भोक काळजाला पडू लागलं, आणि फार उशिरा त्यात मजा आली. सामना कोण जिंकलं, हे मला दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कळलं.

सर उकव्याला, मँगनीजच्या खाणींच्या गावात, इंग्रजी शिकवायचे. तिथल्या खाणकामगारांना सांगायचे, "तुमचं ड्रिल अन् आमचं थ्रिल दूरचे मावसभाऊ हायेत." आता बालाघाटात, आमच्या गल्लीत असतात. ते दिसले की भाजीवाली आधीच बजावते, "मास्टरजी, पहले भाजी लो, शब्द बाद में." सरांच्या पत्नी गेल्यापासून घरात ऐकणारं कोणी नाही. म्हणून मी सापडतो.

परवा त्यांची मुलगी माधुरी पुण्याहून लेकीला घेऊन आली. नातीचे कान टोचायचे होते. आमच्याकडे पोर मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय सोनार तार उचलत नाही. मामा म्हणजे सरांचा मुलगा प्रशांत, दुबईला असतो. "येतो" म्हणाला होता. सकाळपासून सर फाटकाशी उभे. दुपारी फोन आला, सुट्टी मिळाली नाही.

"सर, मले कटंगीच्या बाजाराले जाचं हाय," सोनार म्हणाला. "मामा येऊन राह्यला का नाही?"

सरांनी फाटकाला कडी घातली. मला शांतता सोसत नाही. म्हटलं, "सर, थ्रिल म्हणजे भोकच ना? मग आज खरं थ्रिल!"

सर शब्दावर एक अक्षर बोलले नाहीत, असं पहिल्यांदाच घडलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "प्रशांतचे कान टोचले तवा त्याचा मामा गोंदियाहून सायकलीनं आलता रे."

आणि माझ्याकडे न बघता, "तू बसशीन काय?"

मी पाटावर बसलो. नात मांडीवर आली, माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळू लागली. सरांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटले. तार शिरली.

पोरगी हूं नाही की चूं नाही. हुंदका आला तो माझा. तोही चांगला मोठ्यानं.

सोनारानं दुसऱ्या कानाची तार तशीच हातात धरून मान वळवली.

"माधुरीबाई, पोरीचं राहू द्या. पह्यले या मामाले पाणी पाजा."