गोविंदअण्णांचं यूएक्स

आमच्या वरच्या मजल्यावरचे गोविंदअण्णा कुठल्याही दारातून सरळ आत जात नाहीत. आधी बाहेर उभे राहून त्या दाराची परीक्षा घेतात. केशवापुरातल्या एका बँकेसमोर ते वही घेऊन तासभर उभे होते. दार ढकलायचं, पण त्याला बाहेरून भलीमोठी मूठ. त्यामुळे येणारा प्रत्येकजण ते ओढत होता आणि अण्णा वहीत रेघा मारत होते. वॉचमनला वाटलं, दरोड्याची तयारी चाललीय. त्यानं मॅनेजरना बोलावलं. मॅनेजर बाहेर आले, अण्णांना झाडलं, तावातावानं परत फिरले आणि त्यांनीही दार ओढलं.

"आणखी एक!" म्हणत अण्णांनी रेघ मारली.

"चूक माणसाची नसते, टीचर, वस्तूची असते," हे त्यांचं पालुपद. मी शाळेत शिकवते म्हणून टीचर. दीड वर्षापूर्वी आम्ही इथं राहायला आलो, तेव्हापासून पाहते, ते एकटेच असतात. तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांची भाची बंगळुरात मोबाइलच्या स्क्रीन आखते. तिनं सांगितलं, "मामा, याला यूएक्स म्हणतात. वापरणाऱ्याचा विचार आधी करायचा." वर चार पुस्तकंही ठेवून गेली. तिथंच घोटाळा झाला.

आता या शास्त्राची जुनी मंडळी जणू अण्णांच्या मुंजीला येऊन गेलीत. नावं कधी घेत नाहीत. वापरणाऱ्याला दोष देऊ नका म्हणणारे ते 'आमचे दारवाले अज्जा'; अज्जा म्हणजे इथल्या कन्नडमध्ये आजोबा. कुठलीही वस्तू पाचजणांना वापरायला द्या, बहुतेक खोड्या कळतात, असं सांगणारे 'पाचजणवाले काका'.

या काकांपायी आमच्या स्वयंपाकघरात सत्र चाललं. शेगडीला चार बर्नर, समोर एका ओळीत चार बटणं. मी, नवरा, सासूबाई, कामाला येणारी मल्लव्वा आणि विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, अशा पाचजणांना अण्णांनी मागचा डावा बर्नर पेटवायला लावला. पाचहीजणांनी भलतंच बटण फिरवलं. सासूबाई भडकल्या.

"चाळीस वर्षं रांधतेय मी!"

"तुमचं काही चुकलं नाही, अक्का. शेगडी अडाणी!"

सासूबाई जागच्या जागी यूएक्सच्या पक्षात गेल्या. हल्ली भात करपला तरी शेगडीच अडाणी असते.

पण अण्णांचा खरा जीव या मंडळीतल्या एका बाईवर. ऐन तारुण्यात तिनं म्हातारीचं सोंग घेतलं आणि थकलेल्या शरीराला हे जग कसं लागतं ते बघत गावोगाव हिंडली. तिच्याबद्दल बोलताना अण्णा हात जोडायचे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी रायापूरच्या स्टॉपवर आले तर तिथं घोळका. मध्ये अण्णा! चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन फासलेलं, कानात कापूस, दोन्ही गुडघ्यांना लाकडी फूटपट्ट्या बँडेजनं बांधलेल्या. बस आली. अण्णांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर टेकवला. दुसरा वाकेचना.

"अज्जा, लगून हत्री!" लवकर चढा म्हणून कंडक्टर ओरडला. मागून रेटारेटी सुरू झाली, हात सुटला आणि अण्णा धुळीत बसले. बस निघून गेली.

मी त्यांना कट्ट्यावर बसवलं. तळहात सोलवटला होता. भीतीनं माझाच आवाज चढला. "अण्णा, सत्तरी उलटलीय तुमची. आणि म्हाताऱ्याचं सोंग कसलं घेता?"

त्यांनी कानातला कापूस काढला. "वय झालंय हो. पण गुडघे शाबूत आहेत. इंदूचे नव्हते."

"कोण इंदू?"

"माझी बायको. तुम्ही यायच्या आधी गेली." ते बँडेज सोडू लागले. गाठ सुटेना, तेव्हा मी सोडली. "इथल्याच दवाखान्यात आणायचो तिला. परत जाताना बस आली की म्हणायची, पायरी उंच आहे हो. मी म्हणायचो, सगळं गाव चढतंय, तुलाच बरी उंच लागते. सगळ्यांच्या देखत म्हणायचो. शेवटी शेवटी ती यायलाच नको म्हणायला लागली." त्यांनी सुटलेल्या फूटपट्ट्या मांडीवर ठेवल्या. "पायरी खरंच उंच आहे, टीचर."

मी रिक्षा थांबवली.

आठवड्यानं ते बस डेपोला द्यायचा कन्नड अर्ज तपासायला घेऊन आले. सोबत पायरीचं सुबक ड्रॉइंग, इंचाइंचाची मापं घातलेलं. सगळं रीतसर होतं. फक्त अर्जदाराच्या जागी लिहिलं होतं, इंदिरा गोविंद कुलकर्णी. सहीची जागा कोरी.

मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला. नावाला हात लावला नाही.