काच ऊन, उजेड कमी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमचे शेजारी भाऊ सावंत काखेत काचपट्टी धरून माझ्या पडवीत आले.

यात नवीन काही नव्हते. भाऊ निवृत्त पशुवैद्य. रेड्यांचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले. थंड काचेवर त्यातले जीव गपगार होतात आणि पाहणारा त्यांना मेलेले समजतो. म्हणून काच अंगाच्या उबेत ठेवायची. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. पाहुण्याला चहा देण्यापूर्वी ते कपसुद्धा काखेत धरतात. मी त्यांच्याकडे चहा घेत नाही.

दुसरे खूळ उजेडाचे. जिवंत पेशी पारदर्शक असते, भगभगीत उजेडात हरवते. "काच ऊन, उजेड कमी" हा त्यांचा मंत्र. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवातले दोन दिवे मालवले. "मास्तरानू, आता बघा. आता नवरी दिसता!"

आज काचेवर थेंब नव्हता.

"काच कोरडी आहे, भाऊ."

"आसांदे."

फोन बाकावर ठेवून ते बसले. येण्याचे कारण मला ठाऊक होते. त्यांची एकुलती मुलगी नलू पुण्यात असते. पंधरा दिवसांपूर्वी प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ डॉक्टरांनी तिच्या उदरात ठेवला. त्याआधी सूक्ष्मदर्शकातला त्याचा फोटो तिने वडिलांना पाठवला होता. "बाबा, बरां आसा मां?" गायींचे असे गर्भ भाऊंनी नोकरीत पुष्कळ पारखले होते. "बरां आसा," त्यांनी कळवले. त्या दिवसापासून काच काखेतून निघाली नव्हती. गर्भ राहिला की नाही, त्या तपासणीचा आज निकाल होता.

अकराच्या सुमारास फोन वाजला. आवाज मलाही ऐकू आला.

"नाय रवलां, बाबा."

"आसांदे गो. रडा नको. पाय थंड पडले आसतले तुझे. मोजे घाल."

त्यांनी फोन बाकावर उपडा ठेवला.

"फोटोत माका दिसलेलां, मास्तरानू. पेशींत मेळ नाय, मधी फुटक्या पेशींचो चुरो."

"मग तिला बरे का सांगितलेत?"

"फोनचो उजेड कमी करून परत बघलंय. जितां दिसलां."

त्यांनी काच काखेतून काढली, धोतराला पुसली आणि बाकावर ठेवली. आता त्यांच्या हातांना काही काम उरले नव्हते.

मी आत जाऊन चहाचे आधण ठेवले. ते उकळेपर्यंत भाऊंचा कप काखेत धरून उभा राहिलो.