साडेपंधरा इंचांचा गुन्हा

लोखंड सरळ कापायला हात स्थिर लागतो आणि तो आपल्याकडे जन्मजात आहे, असं ऑरविल टॅकेटचं ठाम मत होतं. त्यामुळे बायकोची रायफल त्याच्याच पिकअपच्या चाकाखाली आली तेव्हा तो मुळीच घाबरला नाही.

रायफल नेडीनला तिच्या वडिलांनी दिलेली. केंटकीच्या त्या डोंगरात तिच्या नेमाला तोड नव्हती. हरणं ती पाडायची. ओढून आणायचा ऑरविल. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडत होता, नेडीन बहिणीकडून शुक्रवारी परतणार होती, आणि रायफलीच्या नळीचं तोंड पिचलेल्या टमरेलासारखं दिसत होतं.

"नळी दोन बोटं कापली की झालं! तिला कळणारसुद्धा नाही!" असं स्वतःला सांगून ऑरविल करवत घेऊन गॅरेजात शिरला.

पहिला काप तिरका गेला. तो सरळ करायला दुसरा घेतला, तो उलट्या बाजूला तिरका गेला. मग दोघांची समजूत घालायला तिसरा, आणि तिसऱ्याची लाज झाकायला चौथा. शेवटी नळी सरळ झाली, पण बरीच कमी उरली.

गुरुवारी नेडीनचा भाऊ डेलमार आला. रायफल बघून त्यानं टोपी काढली. मयताला काढतात तशी.

"कापायच्या आधी मोजली होतीस?"

"मोजायचं काय त्यात?"

"अरे, कायदा आहे! नळी सोळा इंचांच्या आत गेली की सरकारची आधी परवानगी लागते. नाहीतर दहा वर्षं आत!"

"माझ्या गॅरेजातल्या नळीचं वॉशिंग्टनला काय पडलंय?"

"ते त्यांनाच विचार. येतीलच ते!"

नळी जिथून बाहेर येते तिथपासून टोकापर्यंत टेप लावली. साडेपंधरा! ऑरविलनं टेप झटकून पुन्हा लावली. साडेपंधराच.

"पुढं पाइपचा तुकडा बसवला तर?" ऑरविलनं चिकटपट्टी काढली.

"कायमचा जोडलेला असेल तरच मोजतात. चिकटपट्टी चालत नाही," डेलमार म्हणाला आणि दाराकडे सरकला. "आणि हे बघ, मी इथं आलोच नव्हतो."

ऑरविलनं रायफल फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशव्यांखाली पुरली. इकडे डेलमारनं मदत म्हणून कॅफेत बसून मोठ्यानं विचारलं, "समजा एका मित्रानं माझ्या बहिणीची रायफल जास्त कापली, तर?" शेजारच्या टेबलावर शेरीफची डेप्युटी विल्मा साइझमोर ऑम्लेट खात होती. डेलमारला बहीण एकच होती.

शुक्रवारी विल्माची गाडी अंगणात आली, आणि तिच्या मागोमाग नेडीनची.

ऑरविल दार उघडून बाहेर आला तो दोन्ही हात पुढे करूनच. "मीच कापली! नेडीनला काही माहीत नाही! दात घासायचा ब्रश घेऊ का बरोबर?"

"काय कापलीस?" नेडीननं विचारलं. फार शांतपणे विचारलं.

रायफल बाहेर आली. नेडीननं आधी नळीकडे पाहिलं, मग ऑरविलकडे. ऑरविलला तुरुंग एकदम बरा वाटायला लागला.

विल्मानं रायफल रिकामी असल्याची खात्री केली. "मोजली कुठून?"

"नळी दिसते तिथून."

"अहो मिस्टर टॅकेट, ती आतूनसुद्धा असते! गोळीमागचा बोल्ट बंद करायचा, तोंडातून काठी आत टाकायची, बोल्टला टेकली की तोंडाशी खूण करायची. काठी आहे?"

कुंडीत खोचलेला छोटा झेंडा होता. ऑरविलनं झेंडा काढून नीट घडी घातली आणि काठी दिली. विल्मानं ती आत सोडली, खूण केली, बाहेर काढून टेप लावली. ऑरविल पुटपुटत प्रार्थना करत होता.

"सोळा आणि वर एक अष्टमांश. कायद्यात बसतंय," विल्मा म्हणाली. "अख्ख्या रायफलची लांबीही पुरेशी आहे."

"बघ!" ऑरविलची छाती फुगली. "उगाच नाही म्हणत मी, हात स्थिर आहे! अजून एक अष्टमांश कापली असती तरी चाललं असतं!"

नेडीननं रायफल उचलली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला. नळी थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे. मग डोळा उघडून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"ऑरविल, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कुठाय?"

ऑरविलनं गॅरेजाकडे पाहिलं.

"पहिल्या तुकड्यावर," तो म्हणाला.