दुसऱ्या मजल्यावरचा स्टेटस को

हरिश्चंद्र पाटकर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झाले, तेव्हा कागद सगळे तिथेच राहिले. लॅटिन मात्र ते घरी घेऊन आले. भाईंदर वेस्टच्या आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर तर पाण्याची टाकीसुद्धा 'प्रो टेम', म्हणजे तात्पुरती, बंद राहायला लागली. प्रत्येक शब्दाचा अर्थ ते नोटिशीत मराठीत देत, त्यामुळे कळलं नाही म्हणायची कोणाला सोय नव्हती.

शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावर पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावरून जयकुमारभाईंची समोरच्या सुचेताताईंशी जुंपली. पाटकरांनी बरोबर अकराला नोटीस चिकटवली. 'स्टेटस को. म्हणजे या मजल्यावर आत्ता जे जिथे आहे, ते सर्वसाधारण सभेपर्यंत तिथेच.'

नेमका तेव्हाच पाटकरांचा नवा सोफा चौथ्या मजल्याकडे निघाला होता. लिफ्टमध्ये मावेना म्हणून हमालांनी जिन्याने आणला, दुसऱ्यावर टेकवला आणि ते चहाला गेले. परत येतात तर जयकुमारभाई नोटिशीवर बोट ठेवून उभे.

"अंकल, अकरा बजे सोफा पण इधरच होता ना?"

"अहो, सोफा माझा आहे," पाटकर म्हणाले.

"कपाट पण माझाच आहे ना."

सकाळपासून जयकुमारभाईंशी अबोला धरलेल्या सुचेताताईंनीही मान डोलावली.

सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. पाटकरांच्या मुलीला, संपदाला, बघायला काशीगावचे पाहुणे रविवारी यायचे होते. आणि जुना सोफा पाटकरांनी सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई एवढंच म्हणाल्या, "पाहुण्यांना बसवायचं कुठे, तेही लिहा नोटिशीत."

रविवारी लाइट गेली, लिफ्ट बंद. मुलाची आई गुडघे धरत दोन मजले चढली, सोफा दिसताच त्यावर टेकली आणि म्हणाली, "किती विचार केलात हो आमचा." पोहे चौथ्यावरून खाली आले, पाणी सुचेताताईंकडून, खाकरे जयकुमारभाईंकडून. पाहुण्यांच्या चपला भांडणाच्या कपाटात गेल्या. लग्न तिथेच ठरलं.

सभेपर्यंत सोफ्यावर सकाळी पेपर, दुपारी भाजी निवडणं आणि संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. पाटकर आदेश मागे घ्यायला उठले, तोच जयकुमारभाईंनी एक अर्ज पुढे केला. भाषा पाटकरांचीच: 'आम्ही बोना फाईड, म्हणजे खरेखुरे, सभासद विनंती करतो की, सोफा व कपाट यांचा स्टेटस को कायम ठेवावा.'

खाली एकतीस सह्या. चौदा दिवस चटईवर बसून अवघडलेले पाटकर एकेक सही तपासायला लागले.

पहिलीच गिरिजाबाईंची होती.