रिझवानच्या व्हॅनची मोतिया दारं

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला सवय नाही. आमची गॅलरी नेमकी पार्किंगच्या वर आहे, त्याला मी काय करणार? (बिल्डरची चूक.) त्या गुरुवारी मला सुट्टी होती. चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तर खाली शेजारचा रिझवान आपल्या व्हॅनकडे बघत उभा. व्हॅनला डाव्या बाजूची दोन्ही दारं नव्हती.

मागच्या आठवड्यात एका टेम्पोने ती चेपवली, हे मला ठाऊक होतं. (टेम्पोवाला नंतर काय म्हणाला, तेही.) रिझवानने भंगार बाजारातून दुसरी दारं आणली होती. मापाला चोख, पण रंगाने पोपटी.

मी खाली उतरलो. चूक एवढीच.

"काका, वाट लागली," रिझवान म्हणाला. "उद्या अकराला चाकणला कंपनीच्या गेटवर गाडी दाखवायचीय. स्टाफ ने-आण करायचं वर्षभराचं काम आहे. अट एकच, गाडी एका रंगाची पाहिजे. आणि पेंटर सोमवारशिवाय मोकळा नाही."

"मग मी कशाला आहे?"

बावीस वर्षं मी एका कंपनीत पॅकिंगला आहे. आमच्या शेजारीच पेंट शॉप, मध्ये फक्त एक काच. बावीस वर्षं काचेतून बघितलंय, आणखी काय शिकायचं असतं?

रिझवानला त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्युटी होती. जाताना एवढंच म्हणाला, "काका, गाडीचाच कलर मारा फक्त."

"मला कळत नाही का?"

आता माझ्या नजरेबद्दल सांगायला हवं. रंग ओळखावा तर मी. (शिक्षण नववी, पण रंगाला गणित लागत नाही.) अंगात माझा आवडता मोतिया शर्ट होता. बाही बॉनेटला लावून बघितली. शर्ट कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते, कळेना. बिनदाराची गाडी दुकानात नेता येत नव्हती, शर्ट मात्र नेता येत होता.

रंगाच्या दुकानातल्या नवनाथने माझी कॉलर धरून रंगांचं कार्ड लावलं.

"मोतियाच आहे. पण भाऊ, व्हॅन या कलरमध्ये येते?"

"येते. आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे."

त्याने रंग कालवून दिला, वर फवारणीचं छोटं मशीनही दिलं. शर्ट खुंटीला टांगून मी बनियनवर कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत दोन्ही दारं मोतिया झाली. शिवाय अंजलीची, म्हणजे आमच्या सौ.ची तुळस, दोन सायकली आणि रिझवानच्या घरचं निम्मं मांजर.

रिझवान आल्यावर दोघांनी मिळून दारं बसवली. जोड दिसेना.

"काका, तुम्ही पेंट शॉपलाच पाहिजे होता."

हे वाक्य मी जेवताना अंजलीला तीनदा सांगितलं.

सकाळी आठला गॅलरीत आलो. खाली एक पांढरीशुभ्र व्हॅन उभी, तिला दोन मोतिया दारं. बाजूला रिझवानची आई खातूनबी, हातात बादली आणि फडकं.

"कुणाची गाडी, खातूनबी?"

"आमचीच की, माऊलीभाऊ. पयल्यांदा कंपनीच्या दारात जायची, तोंड धुतल्याबिगर कशी जाईल?"

तीन महिने ती व्हॅन निघोजे गावच्या कच्च्या रस्त्याने रोज ये-जा करत होती. मी रंग जुळवला होता तो गाडीशी नव्हे, निघोज्याच्या धुळीशी.

रिझवान ब्रश तोंडात धरून खाली आला. फेस शर्टावर सांडला तरी त्याला कळलं नाही.

"काका, गाडी पांढरी आहे."

"हे कालच सांगायचं होतंस."

"गाडीचाच कलर म्हणालो होतो ना."

"मी गाडीचाच मारला. गाडी रात्रीतून बदलली."

खातूनबी पायरीवर बसल्या. "माझ्यामुळं पोराचं काम गेलं का?" असं म्हणून त्या हातातलं फडकं उगाच पिळत राहिल्या. ते काही मला बघवेना.

"गाडी काढ," मी रिझवानला म्हणालो. "ज्या रस्त्याने ती मोतिया केली, त्याच रस्त्याला नेऊ."

चाकणच्या कंपनीत जायचं म्हणून मी माझ्या ड्युटीला दांडी मारली आणि तोच शर्ट चढवला. निघोज्याच्या रस्त्यावर डंपरच्या मागे आम्ही तीन फेऱ्या मारल्या. धूळ नीट बसतेय का हे बघायला मी खिडकी उघडी ठेवली. (बसत होती. बरीचशी माझ्यावर.) अकराला गेटवर पोचलो तेव्हा व्हॅन, दारं आणि मी, तिघं एका रंगाचे होतो.

गाड्या तपासणाऱ्या आम्रपाली मॅडम फाइल घेऊन बाहेर आल्या.

"रंग?"

"व्हाइट, मॅडम," रिझवान म्हणाला.

मॅडमनी बॉनेटवर बोट ओढलं. खाली पांढरी रेघ उमटली. मान हलवून त्या डाव्या बाजूला वळल्या. बोट तसंच पुढे. मी झटकन जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो.

"तुम्ही कोण?"

"शेजारी."

"गाडीबरोबर शेजारी पण येतात?"

"आमच्याकडे येतात."

"बाजूला व्हा."

मी झालो. दाराची धूळ माझ्या पाठीने पुसून काढली होती. तिथे माझ्या आकाराचा मोतिया ठसा चमकत होता, खांद्यापासून कमरेपर्यंत. मॅडमनी बॉनेटवरची रेघ बघितली, मग ठसा, मग मला.

"खरं सांगतो, मॅडम," रिझवान म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मांजरासकट.

मॅडमनी तोंडासमोर फाइल धरली. फाइल बराच वेळ हलत होती. मग म्हणाल्या, "चारपर्यंत दारं पांढरी करून आणा. आणि काकांना घरी ठेवा."

सोमवारशिवाय मोकळा नसलेला तो पेंटर म्हणजे आकुर्डीचा नदीम, रिझवानच्या ओळखीचा. रिझवानने हातापाया पडून त्याला तयार केलं. चारला गाडी पास झाली, काम मिळालं. संध्याकाळी खातूनबींनी बिर्याणीचा डबा पाठवला. माझ्यासाठी, असं त्या म्हणाल्या. (मला शंका आहे. अंजलीच्या तुळशीची भरपाई असावी.)

जेवताना मी अंजलीला म्हणालो, "बघ, रोजचीच धूळ असली की मूळ रंग कुठला ते विसरायला होतं."

"तो शर्ट काढा आधी," ती म्हणाली. "ब्लीचमध्ये टाकते."

"अगं, मोतिया रंग जाईल."

"जाऊ दे. माझ्या भावाच्या लग्नात घेतला तेव्हा तो पांढरा होता."