लोणच्याच्या बरणीचा तपास

"खून मुनीमनी कया," रतिलालभाऊंनी जाहीर केलं. पडद्यावर प्रेत नुकतंच सापडलं होतं.

त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातली ती गुप्तहेराची मालिका हल्ली रोज दुपारी पुन्हा लागत होती. रतिलालभाऊंना शाळेत असताना पाहिलेला प्रत्येक खुनी अजून तोंडपाठ होता.

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या जरा आधी मंगलाबाई ओरडल्या, "आयकतस का? लोणचानी बरणी चोरीले गयी!"

रतिलालभाऊ ताडकन उठले. जन्मभर ते याच क्षणाची वाट पाहत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा चढवून ते बाहेर पडले. पहिला संशय शेजारच्या छबूबाईवर, कारण कालच तिनं लोणच्याची तारीफ केली होती. तिच्या दाराला कुलूप!

"फरार!" भाऊ पुटपुटले.

गल्लीत आपल्या टेम्पोत केळी भरत असलेल्या ईश्वरला त्यांनी तसंच शहाद्याच्या बसस्टँडवर पिटाळलं, छबूबाईला अडवायला. टेम्पो सुसाट गेलेला पाहून गावात मोठ्या चोरीची बोंब झाली आणि पोलीसपाटील धनसिंग धापा टाकत आले.

"भाऊ, किती तोळा गया?"

"तोळा काय? पाच किलो!"

"पाच किलो!" धनसिंगनं भिंत धरली. "मंगलाबाईनं व्हतं का?"

"तिन्हंच. सोताना हातनं बनाडेल व्हतं."

धनसिंगला काही उमगेना, पण पंचनामा तर करायलाच हवा होता. सगळा जमाव भाऊंच्या घरी शिरला.

आत टीव्हीसमोर दोघी पाय पसरून बसल्या होत्या, मंगलाबाई आणि फरार छबूबाई. मधे बरणी. पडद्यावरचा गुप्तहेर म्हणत होता, "गुन्हेगार याच खोलीत आहे."

"बठा सगळा," मंगलाबाई मान न वळवता म्हणाल्या. "पन तोंड उघाडू नका. हाई मानूस रोज पहिलेच खुनी सांगी टाकस. मंग मी काय करू?"

धनसिंग लोणच्याची फोड चोखत खाली बसले. बाकीचेही बसले. भाऊ उंबऱ्यातच ओशाळून उभे राहिले. तेवढ्यात शहाद्याहून रिकाम्या हातानं परतलेला ईश्वर त्यांच्या कानाशी लागला, "भाऊ, सापडनी ना आरोपी? एकदम भारी तपास!"

भाऊंची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून ते स्वतःच स्वयंपाकघरात आले. घसा खाकरून हळूच विचारलं, "आज काय चोरीले गयं?"

मंगलाबाईंनी फडताळावरून नजर फिरवली.

"खलबत्ता," त्या म्हणाल्या.